गाडीला बाहेरची हवा

माझी नात केळीच्या बागांना सल्ला द्यायला सावद्याकडे गाडीने फिरते. उन्हाळ्यात गाडी नीट ओढत नाही, म्हणून इंजिनाला थंड हवा देणारा नवा फिल्टर बसवायला ती देवपूरच्या मिस्त्रीकडे गेली. मीही गेले. तिचा जीव एका चकचकीत, उघड्या फिल्टरवर होता.

मिस्त्रीने गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं. "हा बसेल तिथं जरा हात धर," तो म्हणाला. नातीने हात धरला आणि लगेच मागे घेतला. भट्टीच होती.

"पण आवाज दमदार येईल ना?"

"आवाज येईल. पण हीच गरम हवा आत घेऊन गाडी आणखी मंदावेल."

मला आमचा पहिला कूलर आठवला. तो आम्ही खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावल्या होत्या आणि दुपारभर घामाने निथळलो होतो. मी म्हटलं, "अगं, हा तर घरात ठेवलेला कूलर."

मिस्त्री हसला. "अक्का, उद्यापासून दुकानात तुम्हीच बसा." मग त्याने बंद डब्यातला फिल्टर काढला. त्याचा पाइप पुढच्या जाळीपर्यंत, बाहेरच्या हवेत जात होता. "फार नाही, थोडा फरक पडेल," तेही त्याने सांगून टाकलं.

काळा, बेढब डबा. नातीने एकदा चकचकीत फिल्टरकडे पाहिलं, तो स्वतःच खोक्यात घातला आणि ती म्हणाली, "डबा बसवा."

मी कौतुक करणारी बाई नाही. पण चूक दिसताच चारचौघांत हट्ट सोडणं मला या वयातही जमत नाही. तिला जमलं.