भिंतीवरचा अर्धा विंचू

चिखल्याच्या खाणवसाहतीतल्या समाजमंदिराची भिंत रंगवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी तुमसरला दुकानांच्या पाट्या आणि नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवत असे.

वसाहतीतल्या लोकांचे आजे-आज्या निरनिराळ्या मुलखांतून आले होते. कुणी छत्तीसगडातून, कुणी तेलंगणातून, कुणी जवळच्याच गोंड वस्त्यांतून. एका खाणीत राबता राबता सोयरिकी झाल्या आणि दोन पिढ्यांत बोली, देव, सण, कालवण सगळं मिसळून गेलं. आसपासचे धानवाले शेतकरी त्यांना ‘खिचडी’ म्हणत. मूळ गावचे नातेवाईकही आता त्यांना आपलं म्हणेनात. म्हणून वसाहतीतल्या वडीलधाऱ्यांनी, ज्यांना तिथे सियान म्हणत, ठरवलं की आपण कोण ते भिंतीवरच काढून ठेवायचं.

काम सुरू झालं तसं रोज कुणी ना कुणी शिडीखाली उभं राही.

“पेंटर, आमच्या छत्तीसगडच्या सुवा नाच नाचणाऱ्या बाया दरवाज्यापाशी काहून काढल्या? लोकं चपला तेथीच काढतेत ना!”

“अन् आमची तेलंगणाची फुलांची बतकम्मा खांबामागं लपवली यानं!”

“खांब म्यां नाही बांधला, मामा.”

“मंग खांबावर काढ!”

मधोमध मला खाणीवर आलेली पहिली बाई हवी होती, डोक्यावर मॅंगनीजची टोपली घेतलेली, पाठमोरी. त्या पिढीच्या बाया पोलकं घालत नसत. पाठ उघडी, आणि पाठीवर गोंदण. ते कसं असे, हे पुरुषांना सांगता येईना. वसाहतीत एक म्हातारी होती. पूर्वी सगळ्या बायांना तीच गोंदून देई. मी तिच्या घरी गेलो. तिनं चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि सारवलेल्या भुईवर काढू लागली. ठिपके, वेल, शेवटी विंचू. विंचवाला नांगी नव्हती.

“हा अर्धाच काहून, आजी?”

“त्या पोरीले ताप चढला, बाबू. थरथर कापे. म्यां म्हटलं, राहू दे, नांगी नाही तं नाही. कोणाले चावणार आहे?” आणि ती तोंडाला पदर लावून हसली.

कोणती पोरगी, हे मी विचारलं नाही. पुरा विंचू काढून दाखव, असंही म्हटलं नाही. मला तो अर्धाच आवडला होता. तसाच भिंतीवर उतरवला.

ती पोरगी म्हणजे तिची सून, हे मला मागाहून कळलं. नवरा वारलेला, पदरात दोन वर्षांची मुलगी. खाणीवर खडे निवडायच्या कामाला जाई. वसाहतीत विधवेला नवा नवरा हातात चुडी, म्हणजे बांगड्या, भरून घरी नेत असे. म्हातारीनं स्वतःच सुनेसाठी खाणीत ड्रिल चालवणारा एक ड्रिलवाला पाहिला होता आणि बोलणी जवळजवळ झाली होती.

एके दुपारी त्या ड्रिलवाल्याची आई भिंत पाहायला आली. बाया नाल्यावर सोबत अंघोळ करत, त्यामुळे कुणाच्या पाठीवर काय गोंदलंय ते बायांना ठाऊक असे, पुरुषांना नाही. पाठमोऱ्या बाईच्या पाठीवरचा बिननांगीचा विंचू पाहून ती थबकली.

“हे तं माह्या होणाऱ्या सुनेची पाठ आहे,” ती सगळ्यांदेखत म्हणाली. “पेंटरनं कोठी पाह्यली?”

मी शिडीवरच भिंतीकडे तोंड करून रंग ढवळत राहिलो.

संध्याकाळी म्हातारी माझ्याकडे आली. “रविवारी सियान निवाड्याले बसतीन. तू एवढंच सांग, की म्यां भुईवर काढून दाखवलं. माह्यावर कोणी भरोसा ठेवून नाही राहिलं. म्हणतेत, सुनेले वाचवून राहिली.”

“सांगतो, आजी.”

मला खरंच सांगायचं होतं. पण त्यानंतरचे दोन दिवस मी भिंतीकडे फिरकलो नाही. रस्त्यानं ड्रिलवाल्याचे भाऊ दिसले की मी पान खायच्या निमित्तानं दुकानात शिरे. माझं नुकतंच लग्न झालं होतं. सासरवाडी लाखनीची, आणि लाखनी मोठ्या रस्त्यावर. खाणीचे ट्रकवाले तिथे चहाला थांबत. ही गोष्ट सासऱ्यांच्या कानावर गेली तर? सियानांनी विचारलं आणि माझी जीभ अडखळली तर? शनिवारी मी डबे, ब्रश तिथेच टाकून मॅंगनीजच्या ट्रकमधून तुमसरला निघून आलो. घरी सांगितलं, काम संपलं.

पुढचं ट्रकवाल्यांकडून कळलं. पेंटर पळाला म्हणजे खरंच असणार, असं ठरलं. सोयरीक मोडली. भिंतीवरच्या त्या बाईवर चुना मारला, पण वर हात पोचला नाही म्हणून टोपली तशीच राहिली, अधांतरी.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मोहाडीच्या आठवडी बाजारात मी एका कापडदुकानाची पाटी रंगवत होतो. खाली एक बाई येऊन उभी राहिली.

“वळखलं का, पेंटर? नाही वळखणार. तोंड कोठी पाह्यलं होतं तुमी माहं. पाठच काढली.”

मी खाली उतरलो. माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

“सासू गेली. जाईपर्यंत म्हणे, पेंटर येईल. माफी नोका मांगू. पोरीची सोयरीक जमून राहिली. पावणे आज येऊन राहिले, अन् कोणी तरी त्याहिले मागचं सांगतलं. खरं काय ते सांगाले येता काय?”

मी पाटी अर्धवट सोडली. चिखल्याकडे जाणारा ट्रक मिळाला. ती क्लीनरशेजारी बसली, मी दाराशी. वाटभर मी वाक्यं जुळवत होतो. या वेळी जीभ अडखळू द्यायची नाही, एवढंच डोक्यात. बाकी कशाचाच विचार केला नाही.

समाजमंदिरासमोर पाहुणे बाजेवर बसले होते. वसाहतीतले जुने लोकही होते. ट्रक थांबला आणि आम्ही दोघं एकामागोमाग उतरलो.

कुणीतरी म्हटलं, “हाच तो पेंटर.”

मी सगळं सांगितलं. कोळसा, भुई, अर्धा विंचू, माझं पळणं. एकदाही अडखळलो नाही. मुलाच्या बापानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “तुमी आज आले कोणासंग?”

मी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती.

“कळवतो,” म्हणून पाहुणे उठले. त्यांनी कळवलं नाही. पुढे मुलीचं लग्न झालं, पण बालाघाटच्याही पलीकडे, जिथे ही भिंत कुणाच्या ऐकण्यात नव्हती. आईला वर्षाकाठी एकदाही तिच्याकडे जाणं जमत नसे, असं ऐकलं.

त्या मुलीची मुलं आता लिहिती-वाचती असतील. त्यांच्यासाठी हे लिहितो. तुमच्या आजीला मी पहिल्यांदा पाहिलं ते मोहाडीच्या बाजारात, तिचे केस पिकायला लागले होते तेव्हा. त्याआधी कधीच नाही.