लालवाडीशी बोलायचं की नाही

मस्तगडातल्या घरातून निघताना माझ्या मुलाने, मिलिंदने, तिसऱ्यांदा विचारलं, "आई, जायलाच पाहिजे का? फोनवर सांग ना त्यांना काय ते."

"दोन गावांची भांडणं फोनवर मिटत नाहीत," मी म्हणाले आणि पिशवीत शाल कोंबली. जन्मभर मी नागरिकशास्त्र शिकवलं, पण अध्यक्ष म्हणून मला कुणी कधी बोलावलं नव्हतं. निवृत्त झाल्यापासून तर मी कोथिंबीर आणायला निघाले तरी घरात चौकशी होते. हे निमंत्रण मी काही केल्या सोडणार नव्हते.

भांडण असं. घनसावंगी तालुक्यात बोरगव्हाण आणि लालवाडी ही दोन गावं, मधे एक ओढा. लालवाडीचं कागदोपत्री नाव वेगळंच आहे, पण ते तिथल्या माणसांनाही चटकन आठवत नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी तिथल्या घरांनी लाल झेंडा लावला, जमिनी एकत्र कसायला घेतल्या आणि बोरगव्हाणच्या जत्रेला वर्गणी द्यायचं नाकारलं. बोरगव्हाणने तिथल्या तिथे ठरवलं: लालवाडीशी बोलणं बंद, देणंघेणं बंद, ओढा ओलांडणं बंद. आता ओढ्यावर पूल होणार आहे आणि त्याला दोन्ही गावांची संमती हवी. म्हणून संबंध सुरू करावेत की नाही यावर सभा, आणि सभेला बाहेरचा अध्यक्ष.

माझं नाव सुचवलं कमलने. कमल आणि तिची धाकटी बहीण विमल माझ्या माहेरच्या गल्लीतल्या. कमल ओढ्याच्या अलीकडे बोरगव्हाणात दिली, विमल पलीकडे लालवाडीत. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बंदी आली. सख्ख्या बहिणी, अंगणं समोरासमोर, पण एकीने दुसरीच्या घरचं पाणी चाखलेलं नाही. त्यांची भेट माझ्या हातून घडणार या विचाराने मला एसटीतच भरून आलं. शेजारच्या बाईने मला खिडकीजवळची जागा दिली, तिला वाटलं मला बस लागली.

एसटी जिथवर जाते त्या कुंभार पिंपळगावला उतरले तर आठवडी बाजार ऐन भरात. मला घ्यायला कमल आली होती, आणि तिच्या हाताला धरून विमल.

"तुमचं तर बोलणं बंद आहे ना?" मी विचारलं.

"ते गावात," कमल म्हणाली. "हितं बाजारात कोन पाहून राह्यलं? चल जल्दी, भजे गरम हायेत."

भज्यांच्या दुकानाच्या कापडी पालामागे पोतं अंथरून दोघी चपला काढून ऐसपैस बसल्या. आजूबाजूला दोन्ही गावांच्या आणखीही बाया अशाच पोती टाकून बसल्या होत्या. विमलने दह्याच्या विरजणाचा डबा दिला, कमलने लसूण दिला. ओढ्यावरून हाताने देता आला असता असा डबा एका टमटमने इथे येतो, मग दुसऱ्या टमटमने परत तिथेच जातो. दर आठवड्याला. सुनांची, नवऱ्यांची, गुडघ्यांची यथासांग निंदा झाली. विमल इतकी हसली की तिला ठसका लागला.

"उद्या निकाल कसा लागंल गं, सुमे?" कमलने मधेच विचारलं.

"काळजी करू नकोस. पूल होणार, तुम्ही एकमेकींच्या घरी जाणार. मी बघते."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आणखी एक प्लेट मागवली. आनंदाने शब्द फुटत नसेल, असं मला वाटलं.

परतीला विमल लालवाडीच्या टमटममध्ये बसली, आम्ही बोरगव्हाणच्या. दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने पुढेमागे चालल्या होत्या. बाजार सोडल्यापासून दोघींनी एकमेकींकडे ढुंकून पाहिलं नाही.

बोरगव्हाणात बंदी कडक होती, म्हणजे ज्याला त्याला जमेल तशी. लालवाडीच्या विड्या या भागात नावाजलेल्या. सरपंच अंकुशराव माझ्याशी बोलताना तीच विडी ओढत होते.

"ही लालवाडीची ना?" मी विचारलं.

"न्हाई न्हाई, म्याडम. ही पिंपळगावची," ते म्हणाले. "आता पिंपळगावात कुठून येते, ते इचारायचं आपल्याला काय कारण?"

कमलकडे रात्री भाकरी, ठेचा आणि घट्ट दही होतं. जेवताना तिची सासू, जाऊ, दोन सुना समोरच होत्या. कमल सगळ्यांना वाढत राहिली, स्वतः ताट घेऊन बसली नाही. दुपारच्या पोत्यावरची बाई ती हीच का, असं मला वाटून गेलं. पण प्रवासाने अंग आंबलं होतं, मी झोपले.

सभा ओढ्यातच होती. कुठल्याही काठावर घेतली असती तर दुसऱ्या गावाचा अपमान झाला असता. अलीकडे बोरगव्हाण, पलीकडे लालवाडी, आणि मधल्या पाण्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर अध्यक्ष. पाणी घोट्याएवढं होतं आणि हिवाळ्याचं होतं. मी साडी वर खोचून बसले तर खुर्चीचे दोन पाय वाळूत रुतले आणि मी लालवाडीकडे कलले.

"आमची हरकत हाये!" बोरगव्हाणातून आरोळी आली. "अध्यक्ष तिकडच्या झाल्या!"

खुर्चीखाली दगड लावले, तर मी बोरगव्हाणकडे कलले. मग लालवाडीची हरकत. शेवटी दोन्ही गावांचा एकेक माणूस खुर्ची धरून उभा राहिला.

लालवाडीतर्फे गुणाजीदादा उठले. सगळे त्यांना कॉम्रेड म्हणतात. ते गावाच्या सामायिक जीपमधून आले होते. बोरगव्हाणचा मेकॅनिकही बंदीत गेल्यामुळे ती जीप गावानेच दुरुस्त करत आणली आहे. तिचा गिअर म्हणजे कुळवाचा दांडा आहे. "आमी कदीच कुनाशी बोलनं बंद केलं न्हाई," ते म्हणाले, "पर तुमी बोलंना म्हनून आमी बी बोललो न्हाई."

अंकुशराव म्हणाले, "झालं गेलं सोडा. पूल झाला तर सोय हुईल. आन् सगळ्यात मोठा फायदा बायांचा! काय द्यायचं-घ्यायचं ते पुलावरून. दर आठवड्याला पिंपळगावला जायची बिलकुल गरज न्हाई. खर्चा वाचला, टाइम वाचला. घरीच राहतील."

दोन्ही काठांवर पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात कमल उभी राहिली.

"आमचा इरोध हाये."

मी खुर्चीत उडाले. खुर्ची धरणारे दोघेही डगमगले.

"लालवाडीच्या बायांवर आमचा भरोसा न्हाई," कमल कडाडली. "त्या लई चढेल हायेत!"

पलीकडून विमल उठली. "आन् बोरगव्हाणच्या कशा? एक नंबरच्या आगाऊ! आमाला संबंध बिलकुल नको!"

मग दोन्ही काठांवरच्या बाया उठल्या आणि जे काही झालं ते मला लिहवत नाही. कालच्या भज्यांच्या पालामागच्या अर्ध्या बाया मी त्यात ओळखल्या. कमलने विमलचं खानदान काढलं, म्हणजे स्वतःचंच. आणि तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, काकुळती होती. त्या पोत्यावरची ती दोन तासांची मोकळी दुपार मी पूल बांधून काढून घ्यायला आले होते. मला माझीच लाज वाटली.

मी उठले, पाण्यातच. "अध्यक्षांचा निर्णय," मी वर्गातला आवाज लावला. "पूल व्हावा. पुरुषांचे संबंध आजपासून सुरू. बायांच्या भावना मात्र फार दुखावल्या आहेत. त्यांची बंदी कायम राहील. त्यांनी पुलावरून एक मिरचीसुद्धा द्यायची नाही. काय असेल ते पूर्वीप्रमाणे पिंपळगावच्या बाजारातून."

"बराबर हाये," अंकुशराव गंभीरपणे म्हणाले. "बायांच्या इज्जतीचा सवाल हाये."

"महिलांचा निर्णय महिलांनीच घ्यावा, हे आमी पयल्यापासून म्हनतो," कॉम्रेड म्हणाले.

मग चाळीस वर्षांनी पुरुष ओढ्यात उतरले, मिठ्या मारल्या, विड्या पेटवल्या. माझी खुर्ची धरणारे दोघेही मिठी मारायला गेले आणि मी पाण्यात बसले.

निरोप देताना कमलने कोरडी साडी दिली आणि माझा हात घट्ट दाबला. "सासरी आल्यापासून तेवढीच एक जागा हाये गं, जिथं मी बसून खाते," ती म्हणाली. 

एसटीत मी तिच्या साडीत गारठून बसले होते. संध्याकाळी मस्तगडात पोचले तेव्हा मला सटासट शिंका येत होत्या. सुनेने काढा दिला. मिलिंद म्हणाला, "सर्दी काय घेऊन आलीस गं! मिटलं का एकदाचं? आता परत जायचं काम नाही ना?"

काढ्याचा घोट घेता घेता मला पोतं दिसलं, गरम भजी दिसली.

"कसलं मिटतंय," मी म्हणाले. "बायांचं फारच चिघळलंय रे. मला आता दर बाजाराला जावं लागणार."