राखून ठेवलेली वीट

माझ्या दादाला सगळे ओळंबा म्हणत, आणि ते त्याला शोभायचंही. कुणाच्याही घरी गेला की हा खिशातून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेला पितळी लट्टू, काढणार आणि भिंत सरळ आहे का ते बघणार. लग्नाची मागणी घालायला गेला, तर तिथेही भावी सासऱ्याला म्हणतो, तुमची चौकट अंगठाभर कललीय. मी म्हटलं, झालं, आता चहासुद्धा मिळत नाही. पण आतून मुलगी खुदकन हसली. तीच माझी वहिनी.

पोटापाण्यासाठी तो सैन्याच्या बांधकाम तुकडीत लागला. बंदूक त्यालाही दिलेली, पण सुट्टीवर आला की गप्पा पुलांच्याच. आम्ही पूल बांधला नाही तर तुमच्या तोफा काय उडत जाणार, असं तो ज्याला त्याला विचारायचा.

वहिनीला दिवस गेले तेव्हा सुट्टीत त्याने बाळासाठी मागची खोली बांधायला घेतली. तेवढ्यात लढाई सुरू झाली नि त्याला बोलावणं आलं. खोली उरकली होती, पण खिडकीवर त्याने मुद्दाम एका विटेची जागा मोकळी सोडली. ही आमच्या घरची रीत. बाबाही गवंडीच, लांबच्या कामाला जाताना घरचं एवढंसं काम राखून ठेवायचे आणि परतल्यावर आधी ते पुरं करायचे, मग हातपाय धुवायचे. ज्याने राखलं त्यानेच पुरं करायचं. दादाने ती वीट आईच्या हातात दिली.

"सांभाळ. आलो की बसवतो."

आला नाही. मोडलेला पूल दुरुस्त करत असताना वरून बॉम्ब पडला. आमच्याकडे त्याचा ओळंबा तेवढा परत आला. माझा एवढा हसरा, एवढा भोचक भाऊ, आणि हाती काय, तर मूठभर पितळ! अजून संताप होतो माझा. आईच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. तिने वीट खाटेखाली ठेवून दिली.

भोक बुजवायचं नाव काढलं की तिचं एकच, ज्याचं काम तो करील. मी भांड भांड भांडले, पण पालथ्या घड्यावर पाणी. बाळ झालं, पाठोपाठ थंडी पडली. पुढच्या खोलीत चुलीचा धूर, म्हणून बाळ मागे झोपायचं, आणि त्याचा खोकला काही केल्या हटेना. वहिनी भोकात चिंध्यांचा बोळा कोंबायची, आई तो काढून टाकायची. वहिनी पुन्हा कोंबायची.

एका सकाळी बाळ खोकून खोकून निळं पडलं. डॉक्टर आले, सुई दिली, वाऱ्यापासून जपा म्हणाले. आई उठली. खाटेखालून वीट काढली, घमेल्यात सिमेंट कालवलं नि कुणाचं न ऐकता स्टुलावर चढली. वीट बसवून झाली तरी तिने ती सोडली नाही.

"सूनबाई, ओळंबा लाव. वाकडं काम त्याला खपायचं नाही."

वहिनीने दोरी धरली. वीट चांगली बोटभर बाहेर आली होती, आंधळ्यालाही कळली असती. मी तोंड उघडणार, तोच वहिनीने माझा पाय दाबला. लट्टू हलायचा थांबेपर्यंत ती बघत राहिली.

"सरळ आहे, आई. त्यांनी बसवली असती तशीच."

आईने विटेवरचा हात काढला. मग तिथेच, स्टुलावर उभ्या उभ्या, ती पहिल्यांदा रडली.