सुनेच्या गोळ्या आणि शेजारणीच्या कैऱ्या

माझी सून तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स आहे. यंदा उन्हाळा लागताना पेशंटला टोचून काढलेली सुई तिच्याच बोटात घुसली. त्या पेशंटला एचआयव्ही होता. डॉक्टरांनी तासाभरात गोळ्या सुरू केल्या. रोज एक, अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. मग रक्त तपासायचं, दीड महिन्यानं एकदा नि तीन महिन्यांनी परत. तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत, असंही बजावलं. दवाखान्याबाहेर हे ठाऊक फक्त मला आणि मुलाला.

आता माझी जीभ म्हणजे कार्ला गावच्या बाजारापर्यंत ऐकू जाणारी. नेमकी मलाच तोंड शिवून बसायची वेळ आली.

गोळीनं तिला मळमळायचं. सकाळी न्हाणीत ओकायची, नि मी दारात तांब्या घेऊन उभी. पाठीवर हात ठेवला की म्हणायची, "नका आत्या." अगं, हात लावून काही होत नाही, हे तूच मला सांगितलंस की. दवाखान्यातली एक बाई आठवड्याला फोन करून विचारायची, गोळी घेतली का, जेवलीस का. तिला निदान मोकळ्या आवाजात विचारता तरी यायचं, माझा आवाज भिंतीपलीकडं जायचा.

न्हाणीची भिंत शेजारणीला लागून. एक दिवस ती पदरात कैऱ्या घेऊन आली.

"काय मावशी, लपवून ठिवताय व्हय? कितवा म्हैना?"

"पित्त झालंय तिला."

"असलं पित्त मला बी तीनदा झालतं. तिन्ही आता शाळंत जात्यात."

मी हसले. सुनेच्या लग्नाला चार वर्षं झालेली, शेजारणीला बिचारीला खरंच आनंद झाला होता. सुनेनं मीठ लावून कैरी खाल्ली. तोंड कडू पडलं होतं, म्हणाली, बरं वाटलं.

गोळ्या संपल्या, उलट्या थांबल्या. दीड महिन्याचा रिपोर्ट चांगला आला. पण शेजारीण पोटाकडं बघत राहिली. परवा माझ्याजवळ येऊन बसली, माझा हात धरला.

"पडलं व्हय, मावशी? सांगायचं तरी."

आणि रडायलाच लागली. मी माझ्या पदरानं तिचे डोळे पुसले.

काल तिनं डिंकाचे लाडू आणून दिले, सुनेच्या अंगात ताकद यावी म्हणून. सुनेनं डबा उघडून एक लाडू हातात घेतला.

"खाऊ का, आत्या?"

"खा," म्हटलं. शेवटची तपासणी सोमवारी आहे.