नाळ कोणी कापली

नव्वदीच्या दशकात आमच्या मेडिकल कॉलेजला कॉम्प्युटरचं वेड लागलं. इंटर्न खेड्यात जाऊन काम शिकतात की नुसते हुंदडतात, हे आता मशीन सांगणार होतं. पेणच्या दवाखान्यात त्याच्यासाठी वेगळी खोली केली, पडदे शिवले, चपला बाहेर काढायची पाटी लावली. आमच्या देवघरालाही एवढं सोवळं नव्हतं. कोणी कुठे टाके घातले, कोणी बाळंतपण केलं, ते दर शनिवारी त्यात भरायचं. प्रत्येक बाळंतपणापुढे दोन रकाने असायचे, करणारा आणि मदतनीस.

वर्षअखेरीला त्यातून जो कागद निघेल त्यावर कॉलेजच्या प्रसूती विभागातली एकच एक हाउसपोस्ट, म्हणजे निवासी डॉक्टरची जागा, ठरणार होती. माझा सगळा जीव तिच्यात अडकला होता. बायकांची डॉक्टर व्हायचं हे मी शाळेपासून घोकत आले होते, आणि मला तरी दुसरी वाट दिसत नव्हती.

माझी नेमणूक रोह्याला झाली, म्हणजे घराच्या अंगणातच. सोबत वर्गातला मित्र होता, हमरापूरचा, गणपती घडवणाऱ्या घरातला. पहिल्या वर्षापासून मी त्याला राखी बांधत होते. आमच्या शेतातले वाल निघाले की आई त्याच्यासाठी बिरडं राखून ठेवायची. मी कुरकुरले की म्हणायची, "तुला काय गो, तू घरचीच हायस."

लेबर रूममध्ये मात्र हा पक्का भित्री भागूबाई. बाई कळा देऊ लागली की याला नेमकं औषधांचं कपाट लावायचं आठवे. तासन् तास बाईच्या कमरेला हात लावून मी उभी, आणि साहेब बाटल्या पुसतायत. त्याची भीती मोडावी म्हणून मीच एक रीत पाडली. बाळ बाहेर आलं, रडलं, नाळेला दोन्हीकडे चिमटे लागले, की कात्री त्याच्या हातात द्यायची. "काप रे, नाय चावत," मी म्हणायचे. खांब गावच्या एका बाईने तर एवढ्या वेणा सोसूनही त्याला ऐकवलं, "दादा, डोळे उघडून कापा, माजं पोर हाय ते." सिस्टर आणि मी पोट धरून हसलो.

शनिवारी तो घरी जायचा. पेण वाटेवरच, म्हणून दोघांच्या नोंदी तोच कॉम्प्युटरवर चढवायचा. त्याला ते यंत्र येत होतं. मला शिकायला सवड नव्हती, कारण शनिवारी त्याची ड्युटीही मीच करत होते.

श्रावणात त्याने मला घरचा कारखाना दाखवला. त्याच्या आईचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते, सकाळपासून ती पीतांबर रंगवत बसली होती. बाप बाजूला बसून फक्त डोळे आखत होता. "आमच्याकडे डोळे आखील त्याची मूर्ती," मित्र ऐटीत म्हणाला. आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले.

कागद निघाला तेव्हा इंटर्नांचं काम बघणाऱ्या सरांनी दोघांना पेणला बोलावलं. रोह्याची बहुतेक बाळंतपणं त्याच्या नावावर होती. माझ्या नावापुढे मदतनीस, मदतनीस, मदतनीस. "तुम्ही मदत फार मनापासून केलीत," सर कौतुकाने म्हणाले. हाउसपोस्ट त्याला मिळाली होती, यादी कॉलेजला गेलीही होती. मी म्हणाले, सिस्टरना विचारा. सर म्हणाले, आता मशीन असताना माणसांना कशाला विचारायचं?

बाहेर चपला घालताना मी त्याचा दंड धरला. "का केलंस असं?"

"अगो, नाळ कोण कापायचं? मीच ना?" तो म्हणाला. "मग यात खोटं काय हाय?"

तो खाली मान घालेल, निदान चाचरेल, असं मला वाटलं होतं. त्याची नजरसुद्धा हलली नाही. चोरी करून पळाला असता तर मी शिव्या घालून मोकळी झाले असते. मी त्याच्या हातात मायेने दिलेली कात्री त्याने पुरावा म्हणून माझ्यासमोर धरली, ते मला आजही सहन होत नाही.

"आणि तुझी आई?" मी विचारलं. "तिने दिवसभर रंगवलेल्या मूर्ती कोणाच्या?"

"तिचं काय मधेच?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रोह्याला जिते गावची एक बाई आली, माहेरी बाळंतपणाला आलेली. पहाटेपासून मी तिच्याजवळ होते. मुलगी झाली. चिमटे लावते तोवर तो नेहमीसारखा येऊन उभा राहिला, हात पुढे केला. हात आता जराही थरथरत नव्हता, भीती मी पूर्ण घालवली होती त्याची. मी कात्री दिली नाही. नाळ कापली आणि मुलगी आईच्या छातीवर ठेवली.

"रागावतेस काय गो?" तो हसून म्हणाला. "ही तुझ्याच नावावर चढवतो, बस्स?"

यादी कधीच गेली होती. शनिवारी तो पेणला निघाला, आणि त्याची ड्युटी मी केली.