पडद्याखालची पावलं

आईच्या वाढदिवसासाठी तिचं नाव कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर फुलांमध्ये उमटवायचं मी ठरवलं होतं. प्रोग्रॅममध्ये ‘कुसुम’ लिहिलं, जागा दिली अगदी वरचा डावा कोपरा, आणि चालवून पाहिलं. स्क्रीन कोरी! नीट बघितलं तेव्हा वरच्या कडेला दोन उकार तेवढे लोंबताना दिसले.

मग लक्षात आलं. आपण अक्षरं वरच्या रेघेला टांगतो. हा प्रोग्रॅम मात्र अक्षरांनी पाय कुठे टेकायचे ते विचारतो. मी पाय टेकायला वरची कडच दिली होती, म्हणून आख्खं नाव कडेपलीकडे राहिलं होतं.

ते दोन उकार मी बघतच राहिले. मी कामात असले की आई माझ्या खोलीच्या दारात अशीच थांबते. हाक मारत नाही. पडद्याखाली तिची पावलं तेवढी दिसतात आणि थोड्या वेळाने निघून जातात. नंतर बाहेरच्या स्टुलावर निवलेला चहा सापडतो.

मी आकडा बदलला. नाव खाली सरकलं, पूर्ण दिसलं. मान वळवली, तर पडद्याखाली पावलं होती.

“आई, आत ये ना.”

“नको गं, काम चाललंय ना तुझं?”

“तुझंच चाललंय. ये.”