गुडघ्याजवळचा दिवा

चोपड्यात आमचं घर धरणगावच्या रस्त्याला, वस्ती संपते तिथं होतं. पुढं ओटा आणि ओट्याला लागून गजाची एक खिडकी. ओट्यावर पुरुषमाणसं बसत, म्हणून मी खिडकीशी बसायची. दिवेलागणीला चुलीवर डाळ चढवली की ती शिजेपर्यंत मला तेवढा वेळ मिळे. त्या वेळी रस्त्यावरून काय येतंय हे मला पाहिल्याबरोबर कळायचं, कारण प्रत्येकाच्या दिव्याची चाल वेगळी होती.

बैलगाडीवाले कंदील गाडीच्या आसाखाली बांधत. तो जमिनीजवळ झुले आणि चाकांच्या आऱ्यांच्या मोठ्या सावल्या दोन्ही बाजूंच्या शेतांवर फिरत. सायकलचा दिवा एकटा आणि वर असायचा, पायडल मारील तसा कमी-जास्त होणारा. ट्रक किंवा प्रवाशांची मोटार असली की दोन दिवे. ते लांब असताना एकमेकांना चिकटलेले दिसत आणि जवळ येतील तसे फाकत जात. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. रस्त्यावरच्या सगळ्यांनाच ते कळत होतं. कोणासाठी थांबायचं, कोणासाठी नाही, हे गाडीवान दिव्यावरूनच ठरवायचे.

फटफटीची मात्र काही खूण ठरलेली नव्हती. आमच्या भागात फटफट्या होत्याच किती?

आमचे हे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. आधी ते कापसातून सरकी काढायच्या जिनमध्ये मुकादमाच्या हाताखाली कामाला होते. तिथून ते रोज गप्प होऊन घरी येत. मग त्या वर्षांत चोपड्याच्या आसपास मळ्यामळ्यात इंजिनं बसायला लागली, केळीला पाणी देण्यासाठी. ह्यांनी लष्करातून निघालेली एक जुनी फटफटी मिळवली, स्वतः उघडून जोडली आणि स्वतःचं काम सुरू केलं. केळीला पाण्याचा खाडा चालत नाही. इंजिन बंद पडलं की मळेवाला माणूस धाडतो, आणि तो माणूस येतो तो दुपारनंतरच, कारण सकाळभर त्यानं स्वतः हँडल मारून पाहिलेलं असतं. म्हणून ह्यांचं परत येणं कायम अंधार पडता पडता व्हायचं. काळे हात आणि थकलेलं तोंड घेऊन येत, पण गप्प नसत. मोरीवर हात घासताना कोणत्या इंजिनाला काय झालं होतं ते सांगत. मला त्यातलं अर्धं कळे. पण ऐकायला बरं वाटे.

एका हिवाळ्यात, कापसाच्या गाड्या जिनकडे येऊ लागल्या होत्या, तेव्हा हे फटफटीवर न येता कापसाच्या गाडीवर निजून आले.

गाडी हाकत होते ते शेजारच्या गावचे एक म्हातारे. त्यांना आम्ही पुढं नाना म्हणू लागलो. पांदीतून, म्हणजे शेतांमधल्या अरुंद वाटेतून, त्यांनी भरली गाडी मुख्य रस्त्यावर चढवली आणि हे समोरून आले. जू ह्यांच्या खांद्याला लागलं, हे पडले. मग त्याच नानांनी ह्यांना कापसावर निजवून घरी आणलं, फटफटी पांदीत झाडाला टेकवून ठेवली आणि ओट्याखाली पागोटं काढून उभे राहिले.

घरात आम्ही सगळे बोलीच बोलायचो. पण मला चौथीपर्यंत शाळेत जी भाषा लिहायला शिकवली ती वेगळी, त्यामुळे आमचं घरातलं बोलणं मी इथं पुस्तकातल्यासारखं लिहिते. नानांचं तसं लिहायला गेलं तर ते नाना राहत नाहीत. ते म्हणाले, "आबा, दिवा दखायना माले. पन माले वाटनं सायकल शे. सायकलवाला ते बाजूले व्हई जास."

"दिवा दिसला, आणि आवाज?" आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी विचारलं. "बहिरे का तुम्ही?"

"आवाज ते उना. पन आठे बठ्ठा मळास्मा इंजिनंच वाजतस. कोनता आवाज रस्तावरना आन् कोनता हिरवरना, कसं समजाडू?"

ते खरंच होतं. संध्याकाळी चारी बाजूंनी विहिरींवरची इंजिनं फट फट करत असत, आणि त्यातली निम्मी ह्यांनीच चालू केलेली. सासूबाई खांद्याला हळद-तेल लावत होत्या. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांची इंजिनं नीट करतो, तीच ह्याला घरी येऊ देत नाहीत." हे हसले, तसा खांदा दुखला.

हाड मोडलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी आबांनी ओट्यावर ह्यांना बसवून सांगितलं, "परत एकदा असं झालं तर फटफटी विकायची. माझा जन्म सायकलवर गेला, मला काही कमी पडलं नाही."

"सायकलनं मी पोचेपर्यंत केळीची पानं पिवळी पडतील, आबा."

"पडू दे. लोकांच्या केळी. पोरगा माझा आहे."

हे उठून आत आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग परत मुकादम." एवढंच. मी भाकरी थापत होते. ह्यांनी नीट घरी यावं असं मला आबांपेक्षा जास्त वाटत होतं. पण पुन्हा गप्प होऊन यावं असं वाटत नव्हतं. दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या, आणि त्या एका वेळी मिळतील असं दिसत नव्हतं.

खांदा बरा झाल्यावर ह्यांनी दिवे वाढवायचं मनावर घेतलं. मोटारीचे मोठे दिवे जळगावला मिळत. पण ते परवडायचे नाहीत, आणि फटफटीच्या डायनामोला पेललेही नसते. ह्यांनी बाजारातून सायकलचे दोन साधे दिवे आणले, हँडलच्या दोन टोकांना पत्र्याच्या पट्ट्यांनी बसवले आणि वायर मधल्या दिव्यातून ओढली. तिन्ही एकदम लावले की सगळेच मिणमिणे होत, म्हणून मधला दिवा खराब रस्त्यापुरताच लावायचा असं ठरवलं. संध्याकाळी अंगणात दिवे लावून दाखवले तेव्हा शेजारचे लोक जमले.

"वा, मोटार झाली की. आता तिकिटं फाडा," एक जण म्हणाला.

"मागं टपावर कोंबड्या चढवू का?" दुसरा म्हणाला.

आबाही जरा हसले. सासूबाईंनी दिव्यांवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मलाही बरं वाटलं.

मग काही दिवसांनी मी खिडकीत बसले होते. रस्त्यावर पार लांब, जिथं ओळीनं बाभळी होत्या त्याच्याही पलीकडे असावेत असे दोन दिवे दिसले. एकमेकांना चिकटलेले. मी सासूबाईंना म्हटलं, "ट्रक येतोय, पण लांब आहे अजून," आणि डाळ हलवायला उठले. पळी हातात घेतली तोच अंगणात फटफटी येऊन थांबली.

मी पळी धरून तशीच उभी राहिले. ते दिवे लांबचे नव्हतेच. ते जवळचे होते, पण एकमेकांच्या इतके जवळ बसवलेले की लांबच्या ट्रकसारखे दिसत. आणि मला जे वाटलं तेच रस्त्यावरच्या गाडीवानालाही वाटणार. लांब आहे अजून, म्हणत तो सावकाश गाडी आडवी घालणार.

हे ओट्यावर सांगायला हवं होतं, पण तिथं आबा होते. त्यांच्यासमोर मी कधी बोलले नव्हते. पाणी देतानासुद्धा तांब्या खाली ठेवून मागं सरायची. ह्यांना मी जेवण वाढताना हळूच सांगितलं. ते म्हणाले, "तू घरात बसून बघतेस. रस्त्यावरच्या माणसाला कळतं." रागानं नव्हे. थकले होते.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी हे आले ते बोललेच नाहीत. मोरीवर मी पायांवर पाणी ओतलं, तर पोटऱ्यांवर लाल रेघा उठल्या होत्या. पऱ्हाट्यांचे ओरखडे होते. कापसाच्या शेतात शिरल्याशिवाय असे ओरखडे उठत नाहीत. मी पाणी ओतायची थांबले.

"हळू बोल," ते म्हणाले, मी काही बोललेच नव्हते तरी. "गाडी आडवी आली. मी शेतात घातली. पडलो नाही."

"गाडीवान काय म्हणाला?"

त्यांनी दुसरा पाय पुढं केला. "म्हणाला, मोटार दूर होती."

ओट्यावर आबा खाकरले. आम्ही दोघांनीही दाराकडे पाहिलं. आबांना कळलं असतं तर फटफटी दुसऱ्या दिवशीच गेली असती. ह्यांनी पाय पुसले आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "बरं, मग तुला काय दिसलं पाहिजे? सांग."

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी चुलीपाशी जाऊन बसले, भाकरी केली, दुसरी केली. तेवढ्यात हे कंदील घेऊन गोठ्यात गेले आणि परत येऊ लागले. दारातून मी पाहत होते. कंदील हातात खाली धरलेला. आणि मला काय दिसलं, तर कंदील नाही. पाय दिसले. धोतरातले पांढरे पाय, एकदा हा पुढं, एकदा तो. माणूस येतोय, आणि तो किती लांब आहे हेही लगेच कळत होतं. पायांवरून अंतर कळतं. नुसत्या दिव्यावरून कळत नाही.

ते आत आले तेव्हा मी म्हटलं, "दिवा तुमच्यावर पडला पाहिजे. समोर नाही. तुम्ही दिसला पाहिजेत."

ह्यांनी कंदील खाली ठेवला, आपल्याच पायांकडे पाहिलं आणि तो उचलून पुन्हा गोठ्याकडे गेले. तिथून हाक मारली, "आता?"

"दिसतात," मी दारातून म्हटलं. माझ्या मानानं ते मोठ्यानंच म्हटलं होतं.

त्यांनी हँडलचे दोन्ही सायकलचे दिवे काढले. मधला मोठा दिवा पुन्हा कायम लावायचा ठरवला आणि सायकलचा एक दिवा टाकीच्या खाली बसवला, तोंड मागं करून, म्हणजे उजेड गुडघ्यांवर आणि पोटऱ्यांवर पडेल. स्वतःच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याला डब्याचा पत्रा कापून टोपी केली. पण एक अडचण राहिलीच. ह्यांची कामाची विजार खाकी, आणि वंगणानं काळी झालेली. काळ्यावर उजेड पडून काय दिसणार? मी आबांच्या एका फाटक्या धोतराचे दोन पट्टे कापले, दुहेरी शिवले, नाड्या लावल्या. घरी निघताना ते विजारीवरून पोटऱ्यांना बांधायचे, गुडघ्यापर्यंत. ते रोज काळे होऊन येत आणि मी रोज सोड्यानं धुवायची. दोन जोड केले, म्हणजे एक वाळत राही. बँडवाल्यांच्या पायांवर असतात तसे ते दिसत, म्हणून मळ्यातले लोक ह्यांना म्हणत, "मेस्तरी, बँड कुठं ठेवला?" हे ऐकून घेत.

पण याचा उपयोग होतो की नाही, हे कसं कळणार? मी खिडकीतून बघायची. मला दिसायचे. पण मला ते कुठे बघायचे हे माहीत होतं. आणि एकदा माझं बरोबर निघालं म्हणून पुढंही निघेल असं कुठं होतं? त्या दिवसांत डाळ कितीदा लागली खाली. सासूबाई म्हणाल्या, "तुझं चित्त कुठं आहे?" मी त्यांनाही काही सांगितलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी नाना आमच्या दारात थांबले. त्या अपघातानंतर ते जिनकडे जाता-येता थांबायचे, बैलांना पाणी पाजायचे, चहा घ्यायचे. त्या दिवशी ते रिकामी गाडी घेऊन परत निघाले होते. बैल जुंपले, गाडी अंगणातून रस्त्यावर काढणार, आणि बाभळींच्या अलीकडे दिवा दिसला. नानांनी बैलांच्या वेसणीचा दोर ओढला आणि गाडी उभी केली.

आबा ओट्यावरून म्हणाले, "कशाला थांबलात, नाना? सायकल आहे ती."

"सायकल नही. फटफटी शे. तुना पोऱ्या शे."

"कशावरून?"

"त्याना पाय दखातस ना."

आबा उठून ओट्याच्या कडेला आले. मीही गजाला कपाळ टेकवून पाहिलं. दोन पांढरे पाय, स्थिर, फटफटीच्या दोन बाजूंना. मधे वर एक दिवा. हळूहळू मोठे होत होते. नाना बैलांना धरून उभे राहिले. हे जवळ आले, वळले, अंगणात थांबले. मगच नानांनी दोर सैल सोडला.

आबा खाली उतरले. वाकून टाकीखालचा दिवा पाहिला, पत्र्याची टोपी बोटानं हलवून पाहिली. मग ह्यांच्या पोटऱ्यांवरचे पट्टे पाहिले आणि ते कशाचे आहेत ते त्यांच्या लक्षात आलं. "हे कोणी सुचवलं?"

ह्यांनी फक्त खिडकीकडे पाहिलं.

आबा खिडकीकडे वळले. मी मागं सरायला हवं होतं, पण सरले नाही. आबा मला थेट कधी काही विचारत नसत. सासूबाईंमार्फत विचारत. त्या दिवशी त्यांनी विचारलं, "तुला कुठपासून ओळखू आला?"

मी म्हटलं, "पहिल्या बाभळीपासून, आबा. त्याच्या आधी नाही." आणि मग, बोललेच आहे तर सगळं बोलावं म्हणून, म्हटलं, "पाऊस असला तर दिसायचे नाहीत. तेव्हा त्यांना येऊ नका म्हणा."

नाना हसले. "आबा, फटफटी ईकू नको. मनं इंजिन बंद पडनं ते कोन येई?"

आबा ह्यांच्याकडे वळले. ह्यांना म्हणाले, "ऐकलंस ना? पावसात मळ्यातच मुक्काम करायचा. घरी निघायचं नाही." विकायचं नाव त्यांनी काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पावसाळा लागल्यावर हे कधी कधी रात्री मळ्यातच राहत. त्या रात्री मी खिडकीत बसायची नाही. पाऊस आहे म्हणजे ते निघाले नसतील, हे मला माहीत असे.